फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ): गर्भपिशवी काढायलाच हवी का?

सायली४२: पाळीत तासाभरात पॅड भिजतो, रक्ताच्या गुठळ्या पडतात, जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन ८. सोनोग्राफीत ३ सेंमीचा फायब्रॉइड. डॉक्टर थेट पिशवी काढा म्हणतात. दुसरा मार्ग नाहीच का?

चाफा: ताई, आधी गाठ कुठे आहे ते बघा. आकारापेक्षा जागा महत्त्वाची. पिशवीच्या पोकळीत डोकावणारी छोटी गाठही धो धो रक्तस्राव करते. बाहेरच्या अंगाची मोठी असली तरी बरेचदा गप्प बसते, फार तर सारखी लघवीला पळवते. माझी पोकळीतली होती. दुर्बिणीने योनीमार्गे काढली, पोटावर टाका नाही. दुसरं मत घ्याच.

निशिगंध: ट्रानेक्झामिक ॲसिड या औषधाने रक्तस्राव कमी होतो, पण गाठ तशीच राहते. एम्बोलायझेशनमध्ये गाठीचा रक्तपुरवठा तोडतात. पाळी कायमची गेल्यावर गाठी सहसा आकसतात. पुढे मूल हवंय का, तेही डॉक्टरांना सांगा.

सायली४२: मुलं झालीत. रिपोर्टात ‘सबम्युकस’ लिहिलंय!

चाफा: म्हणजे पोकळीतलीच. दुर्बिणीचं विचारा. आणि लोहाच्या गोळ्यांचंही आजच विचारा, ऑपरेशनआधी सहसा रक्त वाढवून घेतात.