घोडीला जवस कसा द्यावा: भिजवून, शिजवून की भाजून?

तापीकाठ
घोडी मारवाडी, वय 6 वर्षे, रोज दीड-दोन तास रपेट. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत उभी करायची आहे. दसरा नुकताच झाला, म्हणजे हाताशी दोन महिने आहेत. केस राठ आणि भुरकट झालेत, खरारा केला तरी तकाकी येत नाही. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसतात. छातीचा घेर 165 सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या ढुंगणाच्या) टोकापर्यंत लांबी 150 सेंमी.

सध्याची चंदी: भिजवलेला हरभरा 1 किलो (कोरडा असताना मोजलेला), गव्हाचा कोंडा 1 किलो, ज्वारीचा कडबा 6 किलो. हिरवा चारा जवळजवळ नाही.

यात्रेतले जुने लोक सांगतात, पावशेर (साधारण पाव किलो) जवस रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीत) द्या. दुसरे म्हणतात, शिजवल्याशिवाय देऊ नका, विष असतं. नक्की किती द्यायचा आणि कसा? त्याने बरगड्याही झाकतील का?

चंदी_तोबरा
आधी वजन काढू. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11880. तुमच्या मापांवरून साधारण 345 किलो येतं. शंभर किलोमागे 20 ते 25 ग्रॅम कोरडा जवस धरा, म्हणजे दिवसाला 70 ते 85 ग्रॅम. पावशेराची गरज नाही. पहिले चार दिवस 20 ग्रॅम, मग दर चार दिवसांनी 20 ग्रॅम वाढवा. एकदम जास्त दिला तर लीद पातळ पडते.

कोमट पाण्यात रात्रभर भिजवणं ही मात्र सगळ्यात वाईट पद्धत, आणि ती का वाईट हे समजून घ्या. जवसात लिनामरिनसारखी द्रव्यं असतात आणि त्याच दाण्यात त्यांना फोडणारं विकरही (एन्झाइम) असतं. दाणा अखंड आणि कोरडा असेपर्यंत दोघं वेगवेगळी राहतात. दाणा फुटला, ओल मिळाली आणि ऊब मिळाली की विकर कामाला लागतं आणि हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. कोवळ्या ज्वारीचे पोंगे खाऊन गुरांना किराळ लागते ना, तेच हे विष. घोड्याच्या जठरातलं आम्ल या विकराला बरंच निकामी करतं, म्हणून गुरांपेक्षा घोड्याला धोका कमी. पण भिजवणीत विष बादलीतच तयार होऊन बसलं असेल तर जठर काय करणार? भरडलेला जवस भिजवला तर धोका आणखी वाढतो.

शिजवायचा तर असा: मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाण्याला आधी खळखळून उकळी आणा. उकळत्या पाण्यात जवस टाका. गार पाण्यात टाकून पातेलं चुलीवर चढवू नका, कारण पाणी तापत असताना कोमट टप्प्यात विकराला हवा तो वेळ मिळतो. झाकण ठेवू नका. हे आम्ल 26 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे वाफेबरोबर निघून जातं. झाकलं तर आत राहतं. वाफेवर तोंड धरू नका आणि चूल उघड्यावर मांडा. दहा मिनिटं मोठ्या आचेवर उकळलं की विकर मेलं. पुढचे दोन तास मंद आच ठेवायची ती फक्त दाणा फुटून मऊ होण्यासाठी. चिकामुळे फेस येऊन उतू जातं आणि तळाला लागतं, म्हणून पातेलं निम्मंच भरा आणि ढवळत राहा. करपलेली पेज घोडं तोंडात धरत नाही.

पेज कोमट झाली की त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवली तर आंबते.

वऱ्हाडी_घाणा
वरचं सगळं बरोबर, पण रोज दोन-अडीच तास चूल कोण धरणार? आमच्याकडे जवस चटणीसाठी भाजतात तसाच भाजा. जाड बुडाची कढई, मंद आच, एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त नको. दाणे तडतडायला लागले की आणखी मिनिटभर हलवा आणि लगेच परातीत ओता. कढईत राहिले तर गरम बुडाने करपतात आणि तेल खराब होतं. रंग एक छटा गडद व्हावा, काळा नाही. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये थांबत थांबत, रव्याइतकं जाडसर फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो.

अखंड दाणा देऊ नका. तो बारीक आणि निसरडा, घोड्याच्या दाढेतून निसटतो आणि लिदीत जसाच्या तसा दिसतो. भरड चार-पाच दिवसांपुरतीच करा. घट्ट झाकणाच्या डब्यात, गार जागी. वास ताज्या रंगाच्या डब्यासारखा आला तर खवट झाली, टाकून द्या.

चंदी ओली असेल तर भरड तोबरा बांधतानाच मिसळा. आधी कालवून ठेवू नका.

तापीकाठ
भाजून देणं जमेल. गावात लाकडी घाण्याची जवसाची पेंड स्वस्त मिळते, ती चालेल का? आणि हार्डवेअरच्या दुकानात जवसाचं तेल लिटरवर मिळतं, ते?

वऱ्हाडी_घाणा
हार्डवेअरचं तेल अजिबात नको. ‘डबल बॉइल्ड’ लिहिलेलं तेल लाकडाला आणि रंगाला लावायचं असतं, त्यात लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट, मँगनीज यांची क्षारं घालतात. पूर्वी शिसंही असायचं. त्यातलं ‘रॉ’ लिहिलेलं तेलही खाण्यासाठी काढलेलं नसतं. तेल द्यायचंच तर खाद्य तेल म्हणून विकलं जाणारं, घाण्याचं, गडद बाटलीतलं घ्या. 15 मिलीपासून सुरुवात, दोन आठवड्यांत 40 मिलीपर्यंत. छोटी बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, महिन्याभरात संपवा. भरड आणि तेल दोन्ही देऊ नका.

पेंडीचं म्हणाल तर घाण्याची आणि एक्स्पेलरची (तेल काढायच्या यंत्राची) यात फरक आहे. एक्स्पेलरमध्ये दाणा चांगला तापतो, विकर बरंचसं मरतं. लाकडी घाण्यात तो फारसा तापत नाही, म्हणजे पेंडीत विकर जिवंत. गुरांसाठी पेंड भिजत घालायची सवय असते, ती घाण्याची जवसपेंड घोड्याला तशी देऊ नका. उकळत्या पाण्यात शिजवूनच द्या. शिवाय पेंडीत प्रथिनं भरपूर पण तेल थोडंच उरतं, आणि केसांची चमक मुख्यतः तेलातून येते. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा ओमेगा-3 चा असतो, तेच तुम्हाला हवंय.

हिरवळ_पागा
बरगड्यांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. जवसाने बरगड्या झाकणार नाहीत. हलकं काम करणाऱ्या 345 किलोच्या घोडीला दिवसाला 13-14 हजार किलोकॅलरी लागतात. 80 ग्रॅम जवसातून मिळतात 400 च्या आसपास. जवस केसांसाठी, अंग भरण्यासाठी चारा.

माझी खरी काळजी तुमचा कोंडा आहे. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट, जवसातही अडीच पट, हरभऱ्यातही फॉस्फरसच जास्त. सोबत नुसता कडबा. हे असंच चाललं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, घोडी अधूनमधून लंगडते, पुढे तोंडाची हाडं सुजून डोकं मोठं दिसायला लागतं. यात्रेपेक्षा हे आधी बघा.

कोंडा आठवड्याभरात हळूहळू पाव किलोवर आणा. लसूणघास (ल्यूसर्न चारा) सुरू करा: पहिल्या दिवशी 1 किलो हिरवा, रोज थोडा वाढवत दहा-बारा दिवसांत 8 किलोवर. कापून अर्धा दिवस सुकवून द्या, ढिगात तापलेला घास मुळीच नको, पोटशूळ होतो. त्यातून कॅल्शियम आणि प्रथिनं दोन्ही मिळतात. लसूणघास मिळालाच नाही तर पशुखाद्यासाठीची चुनखडीची भुकटी रोज 30 ग्रॅम. पानाला लावायचा चुना नव्हे, तो तोंड आणि आतडी भाजतो. रोज 25-30 ग्रॅम मीठही द्या.

आणि हे सगळं करण्याआधी लिदीची तपासणी करून घ्या. जंत असतील तर राठ केस जवसाने सुधारत नाहीत. जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं, अंदाजाने अर्धी नळी दिली तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. चारा चावून त्याचे गोळे खाली पडत असतील तर दाढांच्या धारा घासून घ्या.

तापीकाठ
कोंड्याचं लक्षातच आलं नव्हतं. उद्याच लीद पाठवतो. फरक किती दिवसांत दिसेल? आणि विषबाधा झालीच तर कशी ओळखायची?

चंदी_तोबरा
सहा ते आठ आठवडे. आहे तो केस आतून बदलत नाही, नवा उगवतो तो चांगला येतो. दसऱ्यापासून दत्तजयंतीपर्यंत साधारण 64 दिवस होतात, म्हणजे याच आठवड्यात सुरुवात केलीत तर वेळेवर येईल. मधे शाम्पू वापरू नका, त्वचेचं स्वतःचं तेल धुऊन जातं. साधं पाणी, आणि रोज वीस मिनिटं कोरडा खरारा, आधी गोल फिरवून मग केसांच्या दिशेने. थंडीचा केस लांब येऊ नये म्हणून सूर्यास्ताआधीच झूल घाला, पण घामेजल्या अंगावर नको.

विषबाधेची लक्षणं खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते तासाभरात दिसतात: जोरात श्वास, अडखळणारे पाय, हिरड्या आणि डोळ्यांची आतली त्वचा लालभडक. तोबरा काढा, उरलेली चंदी डॉक्टरांना दाखवायला बाजूला ठेवा आणि पशुवैद्यकाला फोन करताना ‘सायनाइडचा संशय’ असं स्पष्ट सांगा. त्यावरचं औषध शिरेतून द्यावं लागतं आणि ते बरोबर घेऊनच यावं लागतं.