निर्देशक, निर्देशांक की दर्शक?

पंचवटीकर: एमएचा लघुप्रबंध लिहितोय. विषय : यादवीने पोखरलेल्या देशांची भूराजकीय ताकद आकड्यांत कशी मोजतात. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड सिंगर यांच्या पद्धतीत सहा गोष्टी धरतात : एकूण लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, लोखंड-पोलाद उत्पादन, ऊर्जेचा वापर, सैन्यसंख्या, लष्करी खर्च. या प्रत्येकीला ‘निर्देशक’ म्हणू की ‘निर्देशांक’?

सिडकोची शिक्षिका: ‘निर्देशांक’ नको. सगळ्यांचा मिळून जो एक आकडा निघतो तो निर्देशांक, जसा मानव विकास निर्देशांक. सुट्या घटकांना निर्देशक म्हणतात खरं, पण दहावीला निर्देशक भूमिती शिकवण्यात माझी वर्षं गेली, त्यामुळे मला तिथे आलेखावरचा बिंदूच दिसतो. माझं मत ‘दर्शक’ला. दिशादर्शक, कालदर्शक आपण रोज म्हणतोच.

पंचवटीकर: दर्शक पटलं, मॅडम. आता ‘ताकद’ ठेवू की ‘सामर्थ्य’?

निफाडकर: दादा, मी द्राक्षं परदेशी पाठवतो, म्हणून लिहितो. 2024 च्या हंगामात येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायला लागली. दहा-पंधरा दिवस जास्त, भाडं वाढलेलं, आणि माल नाशवंत. तुमच्या सहा दर्शकांत येमेनचं पोलाद किती, वीज किती? जवळजवळ काहीच नाही. 2019 च्या नाजूक राष्ट्रांच्या निर्देशांकात तर तो देश सगळ्यांत वर, म्हणजे सगळ्यांत मोडकळीला आलेला. तरी आमच्या पेट्यांचा रस्ता तिथूनच अडला. याला सामर्थ्य कसं म्हणायचं?

पंचवटीकर: वर्तमानपत्रं अशा वेळी ‘उपद्रवमूल्य’ लिहितात.

निफाडकर: तो शब्द नाराज आमदारांसाठी ठीक आहे. बाब-अल-मंदेबच्या, म्हणजे येमेनजवळच्या तांबड्या समुद्राच्या, चिंचोळ्या तोंडावर बसलेल्याचा असतो तो वचक. जहाजावर हल्ला झाला नाही तरी विम्याचा हप्ता वाढतो, कप्तान आपणहून वाट बदलतो.

सिडकोची शिक्षिका: वचक! फार नेमका शब्द. पदरी असतं ते सामर्थ्य, आणि वचक दुसऱ्याच्या मनात बसतो. सहा दर्शक पदरचं मोजतात. वचक मोजायचा तर वळसा घेतलेली जहाजं आणि विम्याचे दर बघावे लागतील. प्रबंधात दोन्ही शब्द वेगळे ठेव.

पंचवटीकर: ठेवतो. पण मग शीर्षकातला ‘देशांची’ हा शब्दही अडतो. वचक हूथींचा आहे, आणि जगाने मान्य केलेलं येमेनचं सरकार त्यांच्याच विरोधात लढतंय. दर्शकांच्या तक्त्यात मात्र दोघांची मिळून एकच ओळ : येमेन.