लहानपणीची नदी आता होडीतून बघायची आहे. सुरुवात कुठून करावी?

काठावरची

आमचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर होतं. पोहायला तिथेच शिकले. पण माझ्या लेखी नदी म्हणजे घाटाच्या पायऱ्या, त्यापुढचा काळा खडक आणि खडकापलीकडचा डोह. डोहाच्या पुढे जायला सक्त मनाई होती, त्यामुळे वळणापलीकडे नदी कशी आहे हे मी कधी पाहिलंच नाही.

आता चाळीसेक वर्षांनी भाऊ आणि मी परत जातोय. दोघांनाही पोहता येतं, वल्हं मात्र कधी हातात धरलेलं नाही. भावाने हवा भरायची दोघांची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान निमुळती होडी, घ्यायचा घाट घातलाय. मध्यंतरी वरच्या अंगाला धरण झालं, खाली कुठेतरी एक बंधाराही आहे. ओळखीचे म्हणतात, "आता काय राहिलंय तिथे? कशाला जाता?" तरी जायचंच आहे. पायऱ्यांपासूनच निघावं असं माझ्या मनात आहे. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा.

वल्हेकरी

ताई, जरूर जा. फक्त पायऱ्यांपासून निघू नका. दोन-तीन किलोमीटर वर कुठे होडी पाण्यात घालता येते ते बघा आणि पायऱ्यांकडे पाण्यातून या. मी माझ्या नदीवर असंच केलं. काठावरून आपण नदीकडे वरून बघतो. कयाकमध्ये बसलं की डोळे पाण्यापासून जेमतेम अडीच फुटांवर येतात आणि काठच अंगावर येतो. आमच्या पोहण्याच्या जागेमागची दरड मला तोवर ठाऊकच नव्हती, कारण लहानपणी आम्ही तिच्या डोक्यावर बसायचो! पाण्यातून पाहिलं तर सरळ कापलेली मातीची भिंत, पुराने धुऊन उघड्या पडलेल्या झाडाच्या मुळ्या, आणि त्यांच्या जरा खाली मुठीएवढं भोक. भोकाच्या तोंडाशी पांढरी विष्ठा ओघळलेली. खंड्याचं बीळ. अशा उभ्या दरडीत तो आडवा बोगदा खणून तिथे अंडी घालतो. वर्षानुवर्षं आमच्या पायाखाली हा संसार चालू असणार.

लोक म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, तेवढी मनाची तयारी ठेवा. धरणाच्या जलाशयात गाळ आणि वाळू खाली बसते. खाली सोडलेलं पाणी गाळाविना येतं आणि मग पात्राचा तळ आणि काठ खरवडत जातं. गेलेल्या वाळूच्या जागी नवी येत नाही. मोठे पूर कमी झाले की उरलेल्या वाळूच्या पट्ट्यांवर झुडपं माजतात आणि पात्र आवळतं. तेव्हा 'नदी एवढी अरुंद होती का?' असं वाटलं तर सगळा दोष आपली उंची वाढल्याला देऊ नका.

धरणाचा दुसरा मुद्दा जिवाशी खेळणारा आहे. पाणी कधी सोडतात ते आधी धरणाच्या कार्यालयात विचारून घ्या. नीट उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशी होडी काढू नका. पाण्यात असताना ते अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला किंवा मघाशी कोरडा असलेला दगड बुडाला, तर लगेच काठ गाठा आणि होडी वर ओढा.

वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला जोरात धावतं. तिथेच खोल असतं, काठ तिथेच खचतो आणि झाडंही तिथेच पडतात. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडातून पाणी निघून जातं, माणूस मात्र फांद्यांत अडकतो. म्हणून वळणाच्या आतल्या अंगाने, उथळ बाजूने चला. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, ताकदीच्या जोरावर निभावून नेऊ असं समजू नका. पडलातच तर वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, पाय दगडांत अडकतो. उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा आणि हातांनी काठाकडे सरका.

बंधाऱ्याबद्दल घासाघीस नाही. वरून येताना तो दिसतच नाही. संथ पाणी आणि पुढे एक सरळ रेघ, बस. खाली पडलेलं पाणी मात्र उलटं फिरून बंधाऱ्याकडेच परत ओढतं आणि पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही. त्याच्या बऱ्याच आधी उतरा आणि होडी काठाने उचलून न्या. तो नक्की कुठे आहे ते आदल्या दिवशी काठाने चालत जाऊन बघून या.

हवेच्या कयाकबद्दल माझं मत बरं आहे. फक्त ती वाऱ्याला फार लवकर बळी पडते, म्हणून सकाळी निघा. दुपारकडे वारा बहुधा वाढतो. तळाला बसवायचं पातं आठवणीने लावा, नाहीतर होडी जागच्या जागी गिरक्या घेते. काठावर उन्हात भरलेली हवा गार पाण्यावर आकसते, तेव्हा पाण्यात घातल्यावर पंप पुन्हा एकदा मारावा लागतो. उलट जेवायला थांबलात तर ती उन्हात टणक भरलेली ठेवू नका, शिवण उसवते.

नकाशेवाला

वल्हेकरींनी पाण्यातलं सांगितलं, मी घरबसल्या करायचं सांगतो. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रं वर्षागणिक सरकताना दिसतात. तुमचं लहानपण त्यात थोडंफार येईलच. धरण कधी दिसू लागलं, वाळूचे पट्टे कुठे हिरवे झाले, वळण किती सरकलं, सगळं बघता येतं. जुन्या चित्रांत एक ठिपका साधारण ३० मीटरचा असतो, तेव्हा काळा खडक शोधत बसू नका. नदीच लहान असेल तर नुसती पुसट रेघ दिसेल. वेगवेगळ्या वर्षांची सुटी चित्रं शेजारी लावून बघणार असाल तर एकाच ऋतूतली घ्या. पावसाळ्यानंतरचं चित्र उन्हाळ्यातल्या चित्राशेजारी लावलं की नदी आटली असंच वाटतं.

हळूहळू

मला हे कयाक प्रकरण पहिल्याच दिवशी पटत नाही. तिथला एखादा नावाडी गाठा आणि पहिली फेरी त्याच्या होडीतून मारा. धार कुठे सरकली, खडक कुठे बुडालेत, पाणी कुठे ओढतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शिवाय हात मोकळे राहतात. वल्हं मारण्याच्या नादात निम्मी नदी बघायची राहून जाते. लाइफ जॅकेट तिथेही हवंच, आणि ते अंगावर. पाटाखाली ठेवलेल्या जॅकेटचा काडीचा उपयोग नाही. ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे जॅकेटच्या तरंगवण्याच्या ताकदीचं माप) जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी असतं, तेही काठ आणि मदत जवळ असेल तेव्हाच. जरा शंका असली तर १०० चं घ्या.

वल्हेकरी

पहिली फेरी नावाड्याबरोबर, मान्य. पण तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्याच्या होडीत त्याच्या घड्याळाने फिरावं लागतं. मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाला पाणी संथ असतं, तिथे कयाक सारली की वल्हं मांडीवर ठेवून हवा तितका वेळ बसता येतं. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला असतो. आपण हललो नाही तर तोही हलत नाही. त्या अर्ध्या तासाला कुठला नावाडी थांबेल?

काठावरची

सगळ्यांचे आभार. टाइमलॅप्स काल रात्रीच बघितलं. वळणापलीकडे नदी दुभंगते आणि मध्ये एक बेट आहे! एवढी वर्षं मला पत्ताच नाही. नावाड्याचा सल्लाही पटला, आधी त्याच्याबरोबरच जाऊ. मग कयाक. अजून दोन शंका. वरून सोडायला गाडी मिळाली नाही, तर पायऱ्यांपासून उलटं वर वल्हवत जाऊन परत येता येईल का? आणि आमच्यात पुढे कोणी बसायचं? भाऊ माझ्यापेक्षा वजनाने बराच जास्त आहे आणि सूचना द्यायची त्याला भारी हौस आहे.

वल्हेकरी

येईल, पण हिशोब करून निघा. संथ पाण्यात तुम्ही तासाला ५ किलोमीटर जाता असं धरू. धार ३ ची असेल तर वर जाताना हातात २ च उरतात, उतरताना मात्र ८ मिळतात. म्हणजे ४ किलोमीटर वर जायला दोन तास आणि परत यायला अर्धा. नवख्याचा वेग याहून कमीच असतो. धार त्याहून जोरात असेल तर गाडीची सोय होईपर्यंत थांबा. वर जायचंच तर आधी वर जा, उतार परतीसाठी राखून ठेवा. दमलेले हात प्रवाहाविरुद्ध चालत नाहीत.

जड माणूस मागे. वळवण्याचं काम मागच्याचं, ताल मात्र पुढचा ठरवतो आणि मागच्याने तो निमूट पाळायचा असतो. दोघांनी आपापला ताल धरला की वल्ही एकमेकांवर आपटतात. तेव्हा पुढे तुम्ही बसा. सूचना पाठीमागून येतील, त्या ऐकू आल्या नाहीत म्हणून खुशाल सांगा.