शब्दचर्चा : ‘सोलो’ म्हणजे नुसता की कानोसा?

धागाकर्ता, मंगळवार पेठ, कोल्हापूर

माझी रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे. भजनी मंडळं, शाहिरी पथकं, कधी एखाद्या शाळेचं स्वागतगीत, असं काम येतं. सध्या दोन मुलं शिकायला येतात, एक कसबा बावड्याचा, दुसरा वडणग्याचा. दोघंही मराठी शाळेतले. त्यांच्यासाठी मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या बटणांची मराठीत टिपणं काढायला बसलो आणि पहिल्याच पानावर दोन शब्दांपाशी अडलो : सोलो आणि मॉनिटर. दोन्ही शब्द रोज तोंडात असतात. पण प्रत्येकाच्या पोटात दोन-तीन वेगळी कामं आहेत, आणि मुलांना कळायला हवं ते काम.

आधी सोलो, म्हणजे निवडलेला एकच आवाज ऐकवणारं बटण. शब्द इटालियन, त्याच्यामागे लॅटिन ‘सोलुस’, म्हणजे एकटा. आपल्याकडे संगीतात ‘एकल’ रुळलाय : एकल गायन, एकल वादन. म्हणून काही जण बटणालाही ‘एकल’ म्हणतात. मला ते पटत नाही. एकल वादन म्हणजे वाजवणारा एकटा बसलाय. इथे ढोलकीवाला एकटा नाहीच, तो पेटी, टाळ, कोरस सगळ्यांबरोबर वाजवतोय. फक्त मला या घडीला बाकीचं नको आहे. म्हणजे एकटेपणा वाजवण्यातला नव्हे, ऐकण्यातला.

आणि हे मागताना लोक बोलतात काय? माझ्या खोलीत ‘एकल ढोलकी लावा’ असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हणतात, ‘निस्ती ढोलकी ऐकव की.’ नुसती, बोलीत निस्ती. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण त्यात अपुरेपणाची छटा आहे. नुसता भात, नुसती भाकरी म्हटलं की सोबत काहीतरी असायला हवं होतं आणि ते नाही, हे त्यातच येतं. सोलो करून ऐकताना ही जाणीव सुटली की मिक्स बिघडतं. तांबड्या रश्श्याचं मीठ वाटीत नुसतं चाखून बरोबर लागतं, पण त्यात भाकरी कुस्करली की तोच रस्सा अळणी लागतो. ढोलकीचंही तसंच. नुसती ऐकत बसलो की तिचा धूम वाढवावासा वाटतो, भरदार वाटतं. मग सगळे ट्रॅक, म्हणजे प्रत्येकाचे वेगळे घेतलेले आवाज, परत लावले की तो धूम पेटीच्या खर्जावर चढून बसतो आणि गायकाचे शब्द बुडतात. म्हणून मुलांना सांगतो, दोष शोधायचा तर नुसतं ऐका, पण चव ठरवायची ती सगळ्यांबरोबर.

इथवर सोपं होतं. खरी गोची पुढे आहे. ‘सोलो’ नावाच्या एकाच बटणाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एका प्रकारात निवडलेला ट्रॅक सोडून बाकी सगळे गप होतात, आणि तेही मुख्य आऊटपुटवरच. याला ‘सोलो इन प्लेस’ म्हणतात, म्हणजे ट्रॅक आपल्या जागेवरच राहतो, डावीकडे असेल तर डावीकडेच ऐकू येतो. दुसऱ्या प्रकारात मुख्य आवाजाला धक्काही लागत नाही, निवडलेला ट्रॅक फक्त माझ्या हेडफोनात किंवा माझ्या मॉनिटरवर, म्हणजे मी ऐकतो त्या स्पीकरवर, येतो. त्यातही फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांडीच्या, आधीचा आवाज घेतला तर पीएफएल (प्री-फेडर लिसन), नंतरचा घेतला तर एएफएल (आफ्टर-फेडर लिसन). पीएफएलमध्ये फेडर पूर्ण खाली असला तरी आवाज ऐकू येतो, म्हणून कार्यक्रमाआधी माइक जिवंत आहे का हे बघायला तो कामाचा. प्रो टूल्स काय, आर्डोर काय, ही मिक्सिंगची सॉफ्टवेअरं यातला कुठला प्रकार हवा ते निवडायची सोय देतात. बटण मात्र तेच, त्यावरचं अक्षरही तेच ‘एस’.

हा फरक मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी गणपतीत एका मंडळाच्या मांडवात भजन होतं, मिक्सिंग लॅपटॉपवर. पखवाजाच्या माइकमधून हलकी घरघर येत होती. ती नक्की तिथलीच का, हे बघायला मी पखवाजाचं ‘एस’ दाबलं, खोलीत दाबतो तसंच. त्याच क्षणी मांडवातल्या सगळ्या बॉक्समधून निव्वळ पखवाज. बुवांचा आवाज गेला, पेटी गेली, टाळ गेले. बुवांनी कानावरचा हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं, पण अभंग सोडला नाही. ओठ हलताना दिसत होते, आवाज पुढच्या दोन रांगांपुरता पोचत असणार. मला उमजून बटण परत दाबेपर्यंत एक अख्खी ओळ गेली.

म्हणून माझं म्हणणं असं की या दोन कामांना मराठीत दोन शब्द हवेत, आणि ते आपल्याकडे आहेत. पहिल्याला ‘नुसता’. दुसऱ्याला ‘कानोसा’. रात्री दाराबाहेर पाऊल वाजलं की आपण आतून कानोसा घेतो. बाहेरच्याला पत्ता नसतो, त्याचं चालणं थांबत नाही, आपल्याला मात्र कळतं. पीएफएल म्हणजे शब्दशः हेच. पखवाजाचा कानोसा घ्यायचा होता तिथे मी नुसता पखवाज लावला, एवढं एका वाक्यात मुलांना सांगता येतं.

आता मॉनिटर. लॅटिनमध्ये ‘मोनेरे’ म्हणजे सावध करणं, बजावणं, आणि मॉनिटर म्हणजे बजावणारा. आपल्या वर्गाचा मॉनिटर त्या मूळ अर्थाला सर्वांत जवळचा. सरकारी मराठीत मॉनिटरिंगला ‘संनियंत्रण’ लिहितात, कुठे ‘देखरेख’. देखरेखीत ‘देख’ आहे, डोळा आहे. आमचं सगळं काम कानाचं. स्पीकरला मॉनिटरच म्हणावं, तो शब्द प्रत्येक बॉक्सवाल्याच्या तोंडी आहे. पण रेकॉर्डिंग करताना ट्रॅकवर जे मॉनिटरचं बटण असतं त्याचं काय? आर्डोरमध्ये तिथे दोन बटणं आहेत, ‘इन’ आणि ‘डिस्क’. पहिलं दाबलं की माइकमधून या क्षणी येणारा आवाज ऐकू येतो, दुसरं दाबलं की आधी रेकॉर्ड झालेला. आपण ‘टेक घेतला’ म्हणतोच, म्हणून मी टिपणात ‘आत्ताचं’ आणि ‘घेतलेलं’ असं लिहिलंय.

‘आत्ताचं’ हे खरं तर पूर्ण आत्ताचं नसतं, हेही मुलांना सांगावं लागतं. कॉम्प्युटर आवाजाचे बारीक नमुने घेतो आणि ते गठ्ठ्याने हाताळतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने काम चालू असताना बफर १०२४ नमुन्यांचा ठेवला, तर एका बफरमागे सुमारे २१ मिलिसेकंद जातात, आणि आवाजाला आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा थांबावं लागतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एकट्या २१ मिलिसेकंदांत सात मीटर. गायकाला स्वतःचाच आवाज खोलीच्या पलीकडून आल्यासारखा वाटतो आणि तो लयीत मागे पडायला लागतो. बफर १२८ वर आणला की तेच २.७ मिलिसेकंदांवर येतं आणि माणूस मोकळा गातो. साऊंड कार्डवर डायरेक्ट मॉनिटरची सोय असेल तर आवाज कॉम्प्युटरात शिरण्याआधीच कानात पोचतो, मग हा प्रश्नच उरत नाही.

तर विचारायचं हे : ‘नुसता’ आणि ‘कानोसा’ चालतील का? आणि म्यूट (ट्रॅक बंद ठेवणं), डिम (आवाज तात्पुरता उतरवणं), सोलो सेफ (दुसऱ्याच्या सोलोने गप न होणं) यांना तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद : मराठीच्या शिक्षिका, गडहिंग्लज

कानोसा आवडला, पण एक शंका. त्यात चोरून ऐकण्याचा वास येतो का? ‘कान देणे’ किंवा ‘कान लावणे’ अधिक सरळ वाटेल.

म्यूटबद्दल : लॅटिन ‘म्यूटुस’ आणि संस्कृत ‘मूक’ एकाच कुळातले मानले जातात, तोंड मिटल्यावर जो ‘म्’ निघतो त्यावरून आलेले. तेव्हा ‘मूक’ हा शब्द घ्यायला काहीच हरकत नाही, घरचाच आहे.

आणि शब्द घडवायचा संकोच कोल्हापूरकरांनी तरी करू नये. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली तुमच्याच गावात उभी राहिली, १९३२ साली तिथूनच तिचा बोलपट आला. लोकांनी ‘बोलपट’ स्वीकारला आणि ‘कॅमेरा’ कॅमेराच राहू दिला. दोन्ही एकाच तोंडी नांदले.

धागाकर्ता

बाई, चोरून ऐकण्याची शंका रास्त आहे. पण चोरून ऐकताना हेतू वाईट असतो, कानोशात हेतू काळजीचाही असतो. बाळ झोपलंय का म्हणून आई दाराशी कानोसा घेते. आणि ‘कान देणे’त समोरच्याला कळतं की आपण ऐकतोय. इथे समोरच्याला न कळणं हीच तर त्या बटणाची खुबी.

‘मूक’बद्दल मात्र मी वेगळा आहे. मूक म्हटलं की ज्याला बोलताच येत नाही असा अर्थ लागतो. म्यूट केलेला ट्रॅक तर दोन सेकंदांनी परत बोलणार असतो. आमच्याकडे ‘गप’ म्हणतात. ‘पेटी गप कर.’ गप बसवलेला माणूस बोलायचा थांबलाय, त्याची वाचा गेलेली नाही. बोलपटाचं उदाहरण टिपणात घालतो, त्याच न्यायाने फेडर आणि मॉनिटर तसेच ठेवतोय.

प्रतिसाद : तबला शिकवतो, राजारामपुरी

तुम्ही ‘एकल’ बाजूला ठेवलात ते बरं केलंत, पण कारण आणखी खोल आहे. आमच्या तबल्याच्या सोलोत तबलजी एकटा नसतोच. पेटीवर नाहीतर सारंगीवर लेहरा चालू असतो, एकच धुन आवर्तनामागून आवर्तन. तो थांबला तर ऐकणाऱ्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडायची नाही, कायदा (विस्तार करायची तबल्याची रचना) कुठून सुटला आणि तिहाई (तीनदा वाजवायचा शेवटचा तुकडा) कुठे पडली हे कळायचं नाही. म्हणून जुनी मंडळी ‘स्वतंत्र वादन’ म्हणतात, एकटं वादन म्हणत नाहीत. देवल क्लबसारखी संगीतसंस्था १८८३ पासून असलेल्या या गावात एवढा फरक तरी जपावा.

एकदा एका ठिकाणी माझं रेकॉर्डिंग झालं. तिथला मुलगा माझा तबला ऐकायला सोलो दाबायचा आणि लेहरा गायब व्हायचा. मग तो मलाच विचारायचा, ‘गुरुजी, हा तुकडा बरोबर बसलाय का?’ मला समच दिसत नव्हती, काय सांगणार? लेहऱ्याला यातून सोडवता येतं का?

धागाकर्ता

येतं, गुरुजी. तुमच्या लेहऱ्याने माझा तिसरा प्रश्न सोडवला. सोलो सेफ म्हणतात ते हेच. एखाद्या चॅनेलला तसं ठरवून दिलं की दुसऱ्या कुणाचंही सोलो दाबलं तरी तो गप होत नाही. प्रो टूल्समध्ये सोलोचंच बटण कमांड किंवा कंट्रोल धरून दाबायचं. आर्डोरमध्ये त्याला सोलो आयसोलेट म्हणतात, क्यूबेसमध्ये सोलो डिफीट. आम्ही ते रिव्हर्बच्या, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या, चॅनेलला लावतो, नाहीतर गायकाचा ट्रॅक सोलो केला की त्याची आस निघून जाते आणि आवाज कोरडा पडतो. पण लेहरा हे त्याहून चांगलं उदाहरण आहे, कारण लेहरा गेला तर नुसता आवाज बदलत नाही, तबल्याचा अर्थच जातो.

शब्द सुचतोय तो ‘अभय’. लेहऱ्याला अभय दिलं की कुणालाही गप करा, त्याला हात लागणार नाही. ‘सुरक्षित’ म्हटलं तर फाईल सेव्ह केल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद : साऊंडचं काम, कागल

दादा, लई भारी चर्चा चाललीया. आमच्यात मॉनिटरला दोन शब्द पुरतात, आत आणि बाहेर. बुवा म्हणतात, ‘बाहेर चांगलं हाय, आत कायच येईना.’ आत म्हणजे त्यांच्या पायाशी ठेवलेला बॉक्स, बाहेर म्हणजे पब्लिककडचा. आत पेटी जास्त आणि पखवाज कमी, असं प्रत्येकाचं वेगळं मागणं. एवढ्या वर्षांत मॉनिटर मिक्स म्हणून कुणी बोललेलं ऐकलं नाही.

डिमला ‘मंद’ लिहू नका, ते दिव्याला. आवाज ‘बारीक’ करतात. घरात टीव्हीसुद्धा बारीक करा म्हणतात.

धागाकर्ता

‘बारीक’ घेतला. बऱ्याच मॉनिटर कंट्रोलरवर डिम दाबलं की आवाज २० डेसिबलने उतरतो, म्हणजे लाटेची उंची दहाव्या हिश्श्यावर येते. समोरच्याशी दोन शब्द बोलता येतात आणि गाणंही चालू राहतं. ‘बंद’ नाही, ‘मंद’ही नाही, बारीकच. आत-बाहेर तर माझ्याही कानावरचं होतं, पण टिपणात घालायचं सुचलं नव्हतं.

प्रतिसाद : मराठीच्या शिक्षिका, गडहिंग्लज

‘गप’ पटलं. एक राहिलं. सोलो लावून विसरलं तर? कुठेतरी एकदम सगळे सोलो काढायचं बटण असेल ना? त्याला ‘रद्द’ म्हणणार का?

धागाकर्ता

आहे, बाई, आणि ते रोज लागतं. पंधरा ट्रॅक खाली कुठेतरी एक सोलो चालूच राहतो आणि माणूस वरती गायकाचा आवाज का येईना म्हणून केबल तपासत बसतो. परवा वडणग्याचा मुलगा असाच माइकची वायर काढ-घाल करत होता. मी त्याला ‘सोलो क्लिअर कर’ म्हटलं, तो माझ्याकडे बघत राहिला. ‘अरे, सगळ्यांना मोकळं कर’ म्हटल्यावर बरोबर त्या बटणावर गेला. टिपणात तेच लिहिलंय : ‘मोकळं करा’.