फाटकावरचा कॅमेराच चोरीला गेला! पुढचा कसा जपावा?

अंगणवेल
मंडळी, आधी हसून घ्या, मग सल्ला द्या. चोरावर नजर ठेवायला लावलेला कॅमेराच चोराने नेला. फाटकाच्या खांबावर होता, हात वर केला की पोचेल एवढ्या उंचीवर. वायफायवाला, आत मेमरी कार्ड. फोनवर आलेल्या शेवटच्या चित्रात खालून वर आलेली चार बोटं दिसतात, मग खांबाचं प्लास्टर, मग काहीच नाही. रेकॉर्डिंग कार्डात होतं आणि कार्ड कॅमेऱ्यात. मागे राहिली ती दोन भोकं आणि लोंबणारी वायर. नवा तर घ्यायचाच आहे. लोखंडी पिंजरा करून घ्या असं घरच्यांचं म्हणणं. काय करू?

शंकासूर
पिंजऱ्याला कुलूप लावाल, मग कुलपावर नजर ठेवायला आणखी एक कॅमेरा. 😀 असो, मलाही लावायचाय, रुमाल टाकून ठेवतो.

नेटपाखरू
ताई, नव्याचं नंतर बघू. आधी वायफायचा पासवर्ड बदला, आजच. तो त्या कॅमेऱ्यात साठवलेला असतो. अ‍ॅपमधून कॅमेरा मात्र घाईने काढून टाकू नका. बऱ्याच कंपन्यांचा कॅमेरा जुन्या खात्यातून मोकळा केल्याशिवाय दुसऱ्याच्या खात्यात जोडता येत नाही. राहू दे तसाच अडकलेला. खोक्यावरचा सिरियल नंबर तक्रारीत लिहून द्या.

तारतंत्र
कॅमेरे बसवणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिंजऱ्याच्या भानगडीत पडू नका. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड जाळीवर आपटून परत येतो आणि चित्र पांढरं फटक पडतं. खरी चूक जागेची आहे. खांबावरचा कॅमेरा म्हणजे हाताशी आलेलं फळ. घराच्या भिंतीवर नऊ-दहा फुटांवर घ्या, रोख फाटकाकडे. त्याहून फार वर नको, नाहीतर चोराची टोपी तेवढी दिसेल. आणि त्याच्याखाली कुंडी, कट्टा, पाण्याची टाकी असं पाय ठेवायला काही नको. हे लोक हमखास विसरतात.

आकार घुमटाचा घ्या. लांबट कॅमेरा म्हणजे मूठच असते, धरून फिरवला की झालं. घुमटावर आयके १० लिहिलंय का बघा. पाच किलोचं वजन चाळीस सेंटिमीटरवरून पडलं तर जेवढा मार बसेल, म्हणजे २० ज्यूल, तेवढा तो सोसतो.

वायर कॅमेऱ्याच्या बुडातूनच थेट भिंतीत गेली पाहिजे. बाहेर वीतभर जरी दिसली तरी कात्रीचं काम. जोड बाहेर ठेवायचाच असेल तर कॅमेऱ्याखालच्या बंद डबीत. स्क्रू साधे नकोत, सहा पाकळ्यांचे आणि मधे खुंटी असलेले मिळतात ते वापरा. त्यांचा पाना कुणालाही मिळतो, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. चोराची दोन-चार मिनिटं जातात, एवढंच. आणि प्लास्टरमध्ये नुसती गिट्टी ठोकून स्क्रू आवळले असतील तर सगळंच फुकट, एका हिसड्यात गिट्टीसकट हातात येतं. तुमची भोकं बघा, कडा फुटल्यात का?

अंगणवेल
फुटल्यात. 😐

जुना खिळा
तारतंत्र यांच्याशी सहमत, पण सगळे कॅमेऱ्यालाच चिकटलेत. आमच्याकडे चोरांनी चार कॅमेऱ्यांपैकी एकालाही हात लावला नाही. टीव्हीशेजारी लुकलुकणारा रेकॉर्डर तेवढा उचलला. आम्हीच शोकेसमध्ये मांडल्यासारखा ठेवला होता! पुढचा मी पत्र्याच्या कपाटात कोंडला, तर उन्हाळ्यात आतली हार्ड डिस्क गेली. आता माळ्यावर आहे, भोकं पाडलेल्या पेटीत, पेटी भिंतीला बोल्टने. शिवाय हालचाल दिसली की ती क्लिप इंटरनेटवरही जाते. कॅमेरा गेला तर दुसरा आणता येतो हो, ते दोन मिनिटांचं चित्र कुठून आणणार?

शंकासूर
आणि कुणी लांबूनच रंगाचा फवारा मारला तर? किंवा वायफायच पाडलं तर?

नेटपाखरू
फवारा अडवता येत नाही, पण मारणारा दिसायला हवा. म्हणून दोन कॅमेरे एकमेकांना दिसतील असे लावायचे. 'प्री-रेकॉर्ड' सुरू ठेवा, म्हणजे हालचालीच्या आधीचे काही सेकंदही जपले जातात.

वायफायचं म्हणाल तर, राउटरच्या नावाने खोटा 'जोडणी तोड' निरोप पाठवून कॅमेरा बाहेर काढता येतो. डब्ल्यूपीए ३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीत अशा खोट्या निरोपांपासून संरक्षण सक्तीचं आहे, पण कॅमेऱ्यालाही ते यायला हवं. मुद्दाम सिग्नल जॅम केला तर तेही कामाचं नाही. म्हणून शक्य असेल तिथे पीओई घ्या: वीज आणि चित्र एकाच केबलमधून, १०० मीटरपर्यंत. रेकॉर्डर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर. बाहेरची केबल म्हणजे तुमच्या घरच्या नेटवर्कचं उघडं सॉकेट, हेही ध्यानात असू द्या. कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा.

आणि कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरच्या प्रकरणात असे न बदललेले पासवर्ड वापरूनच हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते.

तारतंत्र
एक राहिलंच. सेटिंगमध्ये 'टॅम्पर' आणि 'व्हिडिओ लॉस' अशा सूचना असतात: लेन्स झाकली, रोख बदलला, वायर तुटली की फोन वाजतो. बसवणारे त्या चालू करतातच असं नाही. चालू केल्यावर स्वतः लेन्सवर कापड धरून बघा. कोळ्याची जाळी मात्र अधूनमधून पुसा, नाहीतर रात्रभर खोटे इशारे येतील आणि तुम्हीच वैतागून बंद कराल.

अंगणवेल
सगळ्यांचे आभार. पासवर्ड बदलला, तक्रारीत नंबर दिला. पिंजरा रद्द. घराच्या भिंतीवर घुमट, पीओई, रेकॉर्डर माळ्यावर. दुसरा कॅमेरा पोर्चमध्ये, पहिल्याकडे तोंड करून. काल कापड धरून पाहिलं, अकरा सेकंदांत फोन वाजला. फक्त पोर्चखालची कुंडी हलवायची राहिलीये, ती दोन माणसांशिवाय उचलत नाही.

शंकासूर
मग चोरालाही ती तिथून हलवता येणार नाही, पण चढता नक्की येईल. हलवाच.