टाचणात (तासाआधी शिक्षक लिहितात त्या नियोजनात) 'समजते' लिहिणं बंद करायला हवं, पटतंय का?

पाचवीची_बाई: पाचवीला अपूर्णांक घ्यायचे होते. टाचणात लिहिलं, 'विद्यार्थ्याला अपूर्णांक समजतो'. तास छान झाला, पोरं माना डोलवत होती. दुसऱ्या दिवशी १/३ मोठा की १/४ विचारलं तर अर्ध्याहून जास्त वर्ग १/४ म्हणाला, कारण चार मोठे! तेव्हा कळलं, तासाच्या शेवटी पोरांना काय यायला हवं हे मीच ठरवलं नव्हतं. आता लिहिते, 'कागदाच्या पट्टीला घड्या घालून १/३ आणि १/४ दाखवतो, मोठा कोणता आणि का ते सांगतो'. एवढं लिहिलं की पट्ट्या लागणार हेही आदल्या दिवशीच लक्षात येतं.

मराठीचा_मास्तर: बाई, गणिताचं मान्य. पण मी कविता शिकवतो. 'यमक जुळणारे शब्द सांगतो' असं लिहिलं की तास तिथेच अडकतो, कारण तेवढंच तपासता येतं. आणि २०१७ ला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमांत अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलांना काय यायला हवं याच्या याद्या, आल्यापासून पाठ्यपुस्तकांत छापूनच येतात, बहुतेक जण तिथून जशाच्या तशा उतरवतात, वर्गात कोण बसलंय याचा त्यात काय संबंध?

डिप्लोमावाली: सरांशी सहमत. आमच्या डिप्लोमा कॉलेजात एनबीएची (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) टीम यायची म्हटलं की सीओ-पीओ मॅपिंगचे तक्ते, म्हणजे एकेका विषयाची निष्पत्ती अख्ख्या अभ्यासक्रमाच्या निष्पत्तीशी किती जुळते ते, प्रत्येक चौकटीत १, २ नाहीतर ३, रात्री अकरापर्यंत बसून भरलेत मी, आणि त्यातला एकही आकडा बघून कुणी आपलं लेक्चर बदललेलं मला आठवत नाही.

पाचवीची_बाई: अहो पण तो दोष तक्त्यांचा आहे! मी फायलीसाठी लिहीतच नाहीये. उतरवलेली निष्पत्ती वर्षभराची असते, माझी चाळीस मिनिटांची, माझ्या वर्गाची. ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९५६ मध्ये शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या त्यात आठवणं सगळ्यात खाली आहे, मग यमकावर थांबा म्हणतंय कोण? 'आवडलेली ओळ निवडतो, का आवडली ते स्वतःच्या शब्दांत सांगतो' असं लिहा की सर.

मराठीचा_मास्तर: हे बरंय, उद्याच्या टाचणात घेतो. पण माझ्या वर्गात एक पोरगी आहे, कविता वाचताना तिचे डोळे भरतात आणि का विचारलं की गप्प बसते. तिच्यापुढे 'साध्य नाही' असं मी लिहिणार नाही.