गाईला दिलेल्या इंजेक्शनने गिधाडं मरतात म्हणे, खरंय का?

माळावरचा:
काल पहाटे आमची गाय गेली. ताप होता, पाय टेकवत नव्हती, डॉक्टर बाहेरगावी म्हणून मेडिकलमधून माणसाचंच दुखण्याचं इंजेक्शन आणून परवा संध्याकाळी दिलं. आता भाऊ म्हणतो माळावर टाकू नको, गिधाडं मरतील. यंदा बऱ्याच वर्षांनी चार-पाच दिसलीत हो कड्यावर. पण त्याच औषधाची गोळी बाबा गुडघ्याला खातात, त्यांना काही होत नाही, मग पक्षी कसा मरेल?

गुरांचा डॉक्टर:
दादा, टाकू नका, आधी पुरा. औषध हे शरीराला परकंच रसायन, माणसाचं यकृत ते मोडतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. गाईतूनही काही दिवसांत निघून जातं, पण जनावर एक-दोन दिवसांत मेलं की ते यकृतात, मूत्रपिंडात तसंच राहतं. अंगातली घाण म्हणून पक्षी युरिया नाही, युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकतात. डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाने गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडली की हे अ‍ॅसिड अंगात साठतं, शवविच्छेदनात काळजावर, यकृतावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. दोन-तीन दिवसांत पक्षी संपतो.

माळावरचा:
बाटली बघितली, डायक्लो नाहीये, अ‍ॅसिक्लोफिनॅक लिहिलंय. मग चालेल ना?

गुरांचा डॉक्टर:
नाही चालणार. गाईच्या अंगात अ‍ॅसिक्लोचं डायक्लोच होतं, म्हणून तर २०२३ मध्ये जनावरांसाठी तेही बंद केलं, सोबत किटोप्रोफेन हे दुखण्याचं दुसरं औषधही. पुढच्या वेळी मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांवर तपासलेलं आहे, सुरक्षित आहे.

कड्यावरचं घरटं:
ताई-दादांनो, हे हलक्यात घेऊ नका. १९९२ ते २००७ या काळात आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली, कारण कळलं २००४ मध्ये, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरच्या अभ्यासातून. २००६ ला जनावरांचं डायक्लो बंद झालं तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ ला ३ मिलीच्या वर बाटली नको असा नियम आला. एका ढोरावर पन्नासेक गिधाडं बसतात आणि मादी वर्षाला अंडं घालते एकच, त्यामुळे शंभरातलं एखादं ढोर विषारी निघालं तरी थवाच्या थवा जातो आणि भरून निघायला पिढ्या लागतात. आमच्या रायगडात, चिरगावला लोकांनी इतकी वर्षं जीव लावून जपलीत ती!

शेतकरी राजा:
डॉक्टर, मेलॉक्सिकॅमने गुण उशिरा येतो असं आमच्याकडे म्हणतात, म्हणून लोक डायक्लो मागतात.

गुरांचा डॉक्टर:
भाऊ, थोडा वेळ लागतो कधीकधी, पण ताप आणि सूज उतरते. वजनाप्रमाणे डोस पूर्ण द्यायचा, अर्ध्यावर सोडायचा नाही.

माळावरचा:
जेसीबी बोलावला, खोल पुरली आत्ताच. वरून दगड लावलेत, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. दोन गिधाडं अजून वर घिरट्या घालतायत, अंधार पडेस्तोवर थांबतो इथंच.